डावीकडचा आवाज

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. अम्मीला नाही, भाईला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या अब्बांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. शाळेत हजेरीच्या वेळी मिस माझं नाव दोनदा घ्यायच्या, कारण माझं ‘प्रेझेंट’ पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. आवाजच तेवढा आहे माझा.

आणि मराठीत सांगतेय. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी मराठीत का लिहितेय, असं वाटेल. त्याचं कारण आहे. येईल पुढे.

हेडसेटपासून सुरू करते. ते सोपं आहे.

माझा मोठा भाऊ इरफान पायलट झाला, पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यातला पहिलाच. विमान कंपनीत नोकरी लागली त्या आठवड्यात अम्मीने कुणाकुणाकडे फिरनी पाठवली, तिलाही आठवत नसेल. कॉकपिटमध्ये कंपनीचे हेडसेट असतात, पण ते सगळ्यांचे मिळून. कानावरचा स्पंज फाटलेला, आधीच्या माणसाचा घाम त्यात मुरलेला. हळूहळू प्रत्येक पायलट स्वतःचा घेतो, असं भाई सांगत होता. अब्बांनी फोनवर हे ऐकलं आणि म्हणाले, तो मी देणार.

अब्बा शारजाला असायचे. बंदरावर क्रेन चालवायचे. मी चार वर्षांची असताना गेले. दर दोन वर्षांनी चाळीस दिवस घरी यायचे आणि मला त्यांची सवय होईपर्यंत बॅगा पुन्हा दोरीने बांधल्या जायच्या. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोन यायचा. माझ्या वाट्याला तीन वाक्यं — अभ्यास चाललाय ना? जेवतेस ना? अम्मीला दे. मी तीन वेळा ‘हो’ म्हणायचे. बावीस वर्षांची झाले तरी तीनच ‘हो’. त्यांना माझ्याशी काय बोलावं ते कळत नसावं. मला तर कुणाशीच कळत नव्हतं.

“क्रेनवर मी माझे कान नाय सांभाळले,” अब्बा म्हणाले, “त्याचे सांभाळणार. एकदम भारी घ्यायचा. नाझू, तू बघ आणि मला सांग.”

मी का? कारण अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. हेडसेटची सगळी माहिती इंग्रजीत, आणि घरातली इंग्रजी म्हणजे मी. भाईला ड्युटीतून वेळ नव्हता. मग असं ठरलं, की मी इंटरनेटवर वाचायचं आणि अब्बांनी दुकानात जाऊन घालून बघायचं. पायलटांचं सामान विकणारं एक दुकान त्यांनी शोधून काढलं. दुकानदार मल्याळी. तो यांना बसवून चहा द्यायचा, स्पीकरवर इंजिनाची घरघर लावायचा आणि एकेक हेडसेट कानावर चढवायचा. त्यात विमानतळाच्या टॉवरवरच्या माणसांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकू यायचं. दुकानातून बाहेर पडले की अब्बा फूटपाथवरून मला फोन करायचे.

पहिल्या शुक्रवारी मी त्यांना सांगितलं, की घरघर दोन प्रकारांनी कमी करतात. एक म्हणजे कान नुसता घट्ट झाकायचा. दुसऱ्या प्रकारात आतला छोटा माइक बाहेरची घरघर ऐकतो आणि तिच्या बरोबर उलटा आवाज तयार करतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अब्बा म्हणाले, “म्हंजे आवाजाला आवाजानंच मारायचं?” आणि हसले. मी त्यांना हसवलं होतं — मी. तुम्हाला ही छोटी गोष्ट वाटेल. मी त्या रात्री ते हसू मनात किती वेळा लावून ऐकलं, सांगू शकत नाही.

मग फोन लांबत गेले. दहा मिनिटं, वीस, चाळीस. भाईच्या विमानाला एकच गोल प्लग लागतो, छोट्या विमानांचे दोन प्लगवाले चालत नाहीत. चष्म्याच्या काडीवर दाब येतो का? चार तास घातला तर डोकं दुखेल का? हे विचारता विचारता ते दुसरंही बोलू लागले. बसमध्ये शेजारी कोण बसलं. खोलीत आज रांधायची पाळी कुणाची होती आणि त्याने आमटीचं काय केलं. लहानपणी खाडीत कसे उड्या मारायचे, पाणी कानात जाऊन कान कसा वाहायचा, आणि आजी गरम तेल घालायची. माझ्या बापाचं बालपण मला हेडसेटमुळे कळलं.

फोन उचलला की आधी एक वाक्य ठरलेलं असायचं. “थांब, या कानावर घेतो.” मला वाटायचं, रस्त्याचा गोंगाट असेल.

आता येते तिथे.

पहिला हेडसेट त्यांना आवडला, पण म्हणाले, डावीकडनं आवाज कमी येतो. मी म्हटलं, पीस खराब असेल. पुढच्या शुक्रवारी दुसरा. पुन्हा डावीकडे कमी. तिसऱ्याच्या वेळी मी त्यांना एक युक्ती सांगितली. कुठेतरी वाचली होती, की स्पीकर तपासायचा तर हेडसेट उलटा घालायचा, डावी बाजू उजव्या कानावर. मी फोन धरून थांबले. ते पुन्हा दुकानात गेले. मल्याळ्याचं हसणं ऐकू आलं, कारण माइक डोक्यामागे गेला होता. मग अब्बांचा आवाज आला.

“आता पण डावीकडंच कमी. तीन-तीन खराब? सगळे एकाच दिवशी बनवले काय रे यांनी?”

मी खिडकीजवळ उभी होते. खाली भाजीवाला कोथिंबिरीवर पाणी मारत होता. मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही — तेव्हाच. उलटा घालूनही त्यांच्या डावीकडेच कमी, म्हणजे हेडसेट चांगले होते. तिन्ही. कमी होता तो कान.

मी काय बोलले असेन असं वाटतं तुम्हाला?

“हो अब्बा, या कंपनीच्या मालात डाव्या बाजूचा दोष असतोच. इंटरनेटवर लिहिलंय. आपण दुसरी कंपनी बघू या.”

असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण हे वाक्य अडखळत आलं नाही. आयुष्यात क्वचितच मी एवढं सरळ, स्पष्ट बोलले असेन.

का? तेव्हाही हा प्रश्न मला पडला होता, आणि उत्तरही माहीत होतं. कान खराब म्हटलं असतं तर ते डॉक्टरकडे गेले असते आणि पहिलाच हेडसेट घेऊन मोकळे झाले असते. मग शुक्रवारी पुन्हा तीन वाक्यं. त्यांची नोकरी जाईल अशी भीती होती का? नाही. ती मला सुचलीसुद्धा नाही. सुचली असती तर आज तिच्यामागे लपता आलं असतं. मला फक्त शुक्रवार हवा होता.

असे सात महिने गेले. मी एकेका हेडसेटमध्ये खोट काढत गेले. याचं वजन जास्त, त्याची बॅटरी लवकर संपते, त्याची वायर आखूड. चौथ्या महिन्यात भाईने मला स्वच्छ सांगितलं होतं, की त्याच्या कॅप्टनकडे एक हलका आहे, तोच घ्या, एवढा काय विचार करताय. मी अब्बांना म्हटलं, भाई म्हणतो सावकाश घ्या. आणि भाईला म्हटलं, अब्बांना मनासारखा मिळत नाहीये.

एकदा तर अब्बांनीच मला खरं सांगायला दार उघडून दिलं होतं. हसत सांगत होते, “तो मल्याळी बोलतो, चाचा, माल ठीक हाय, तुमी कान दाखवा डॉक्टरला. मी बोललो, माझी पोरगी इंग्लिश शाळेत शिकलीय, सगळं वाचून सांगते. तुला जास्ती कळतं का तिला?”

मीही हसले. हसले मी. त्यानंतर त्यांनी विचारलं, चष्म्याचं काय करायचं, आणि आम्ही चष्म्याबद्दल बोललो.

शेवटी भाईने कंटाळून एका सहकाऱ्याकडून स्वतःच मागवला. अब्बांना वाईट वाटलं, पण त्यांनीही एक घेतलाच. माझ्या यादीतला सगळ्यात पहिला. तो घेऊन ते पाच महिन्यांनी आले, ठरलेल्या सुट्टीच्या आधी, कारण क्रेनच्या शिडीवर त्यांना चक्कर आली होती आणि कंपनीने घरी पाठवलं होतं. डाव्या कानात कापूस होता. दारात बॅग टेकवून त्यांनी आधी हेडसेट काढला, माझ्या कानांवर चढवला आणि बटण दाबलं. पंखा गेला. रस्ता गेला. अम्मीचा मिक्सर गेला. समोर अब्बांचे ओठ हलत होते आणि मला काही पोचत नव्हतं. त्यांना वाटलं, मला मजा येतेय.

कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलायचे. आतलं हाड किडत गेलं होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, डावीकडून कमी ऐकू येतं अशी तक्रार कधीपासून आहे? मी इंग्रजीत म्हटलं, दोन-तीन महिने. वर्ष होऊन गेलं होतं. ते म्हणाले, आश्चर्य आहे, एवढं पसरायला वेळ लागतो. लवकर आले असते तर बराच कान वाचला असता. अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते, काय म्हणतात ते ऐकायला. मी मराठीत सांगितलं, “वयाचं आहे अब्बा. आणि क्रेनच्या आवाजाचं.”

“क्रेनच,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं.”

म्हणून मी हे इंग्रजीत लिहीत नाही.

ऑपरेशन झालं, कीड काढली, ऐकू येणं परत आलं नाही. उजवा कान बंदराने आधीच झिजवलेला होता, तोही दोनेक वर्षांत बसला. शारजा सुटलं. आता आम्ही पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. उजव्या कानाशी कुणी मोठ्याने ओरडलं तर त्यांना थोडं कळतं. भाई आला की ओरडतो, अम्मी ओरडते. मला ओरडता येत नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून प्रयत्न केलाय — तुम्हाला हसू येईल — माझा आवाज एका हद्दीनंतर फाटतो आणि संपतो. घरात एकच माणूस असं आहे ज्याचं बोलणं अब्बांपर्यंत जातच नाही, ती मी.

म्हणून आमची वही आहे. मी मराठीत लिहिते, कारण ते मराठीच वाचतात. माझं मराठी त्या वहीने सुधारलं, सुरुवातीला ते माझे ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त करायचे. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो ते त्यांना कळत नाही, खालच्या मजल्यावरचे वर बघतात, म्हणून लाजून तेही आता लिहूनच उत्तर देतात. ‘बोंबील ताजे दिसले तर आण.’ ‘तुझा डोळा लाल का?’ अक्षर सुंदर आहे. पण मला ते ‘थांब, या कानावर घेतो’ ऐकायचं असतं. फूटपाथवरच्या हॉर्नमधून येणारं. कधी कधी वही उघडते तेव्हा मी त्यांचं वाक्य त्यांच्या आवाजात वाचायचा प्रयत्न करते. हल्ली जमत नाही. चाल विसरत चाललेय.

नव्या विमानतळासाठी पलीकडचा डोंगर फोडतात. सुरुंग उडाला की आमच्या खिडक्या थरथरतात. मागच्या आठवड्यात अब्बा गॅलरीत पेपर वाचत होते. सुरुंग उडाला, अम्मी दचकली, कावळे उठले. अब्बांनी पान उलटलं. मग बशीतला चहा हलताना त्यांना दिसला, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं — काय झालं ते मी सांगेन अशा भरवशाने. तसेच, डॉक्टरांच्या खोलीत बघत होते तसेच.

मी वहीत लिहिलं, ‘सुरुंग.’ त्यांनी मान डोलावली.

तुम्हाला सांगून झालं. आता हेच मी वहीत उतरवलंय, पहिल्या हेडसेटपासून डॉक्टरांच्या प्रश्नापर्यंत, ‘दोन-तीन महिने’ सकट. एरवी मी माझ्या ओळींखाली चार ओळी मोकळ्या सोडते, त्यांच्या उत्तरासाठी. आज पान खालपर्यंत भरलंय. वही टेबलावर त्यांच्या चष्म्याजवळ ठेवली आहे. दुपारनंतरची, अस्रची नमाज झाली असावी. पॅसेजमधून त्यांच्या चपला येतायत, मला ऐकू येतंय.