पेशंटशी भांडणाऱ्या मॅडम

गायकवाड मॅडम राउंडला आल्या की पेशंटशी भांडण उकरून काढत. बेलवलीतल्या त्यांच्या छोट्या नर्सिंग होममध्ये मी नवी सिस्टर होते. मला वाटलं, बाई भलत्याच खाष्ट दिसतात. उल्हासनगरचे एक सिंधी काका दम्याने बेजार होऊन आले होते. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून हवा आत ढकलणारं मशीन तेव्हा आमच्याकडे नवंच आलं होतं, ते त्यांना लावलेलं. मॅडम म्हणाल्या, “काका, तुमच्या उल्हासनगर कॅम्पातल्या पापडाला काही चव नाही.” काका मास्कच्या आतूनच उसळले, “मॅडम, आपने खाया किधर है? घर आओ, खिलाता हूँ!” मॅडम खूश होऊन पुढच्या कॉटकडे वळल्या.

“चिडायलाही श्वास लागतो, सिस्टर,” त्यांनी मला नंतर सांगितलं. “मशीन पुरं पडेनासं झालं की अंगात खराब हवा साठते, माणसाला गुंगी येते. घरच्यांना वाटतं, आराम पडला. मला मात्र गप्प पेशंट बघितला की धडकी भरते.” असा पेशंट दिसला की त्या लगेच मुंबईला फोन लावत, कारण घशात नळी घालून श्वास देणारा व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता. वेळेवर पाठवलेली माणसं बरी होऊन पेढे घेऊन यायची, आणि मॅडम पेढ्यांनाही नावं ठेवायच्या. मला त्यांचा लळा लागला तो तेव्हाच.

मग एका हिवाळ्यात त्यांचे वडीलच धाप लागून दाखल झाले, त्यांनाही तेच मशीन लावलं. आप्पा अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर राबलेले, युनियनचे जुने पुढारी. बापलेकीचं त्यावरून कायम वाजायचं. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “तुमच्या युनियननंच कंपनी बुडवली, आप्पा.” आप्पांनी मास्क ओढून काढला. “मालकानं बुडवली! शिकून येडी झालीस का?” आम्ही सगळ्या हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शांत पडले होते. मॅडमनी पुन्हा तेच म्हटलं. आप्पांनी डोळे किलकिले केले.

“आसंल, पोरी.”

मॅडमचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, “आगं, झोपू दे की त्यांना. किती दिसांनी डोळा लागलाय.” मॅडम फोनकडे धावल्या. कुठे बेड नव्हता, कुठे फोनच कुणी उचलत नव्हतं. “सर, प्लीज, माझे वडील आहेत हो,” असं त्यांचं गयावया करणं मला ऐकवेना. शेवटी आईंना बाहेर बसवून त्यांनी स्वतः आप्पांच्या घशात नळी घातली आणि आम्ही आळीपाळीने हाताने श्वासाचा फुगा दाबत राहिलो. दुपारी बेड मिळाला, पण अॅम्ब्युलन्स ठाण्यापर्यंतही पोचली नाही. आप्पा गेले तरी मॅडम फुगा दाबतच होत्या. मी त्यांचे हात धरले.

मी घरी भेटायला गेले तेव्हा आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, “तरास न्हाई झाला त्यांना. सकाळी कसे निवांत झोपले होते.” मॅडम उठून मला स्वयंपाकघरात घेऊन आल्या. “मला कळलं होतं, सिस्टर. सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कळून काय केलं मी?” बाहेर आई नव्या पाहुण्याला तेच सांगू लागल्या होत्या, आणि त्यांना थांबवायची आम्हा दोघींचीही छाती झाली नाही.