सिस्टरबाई टेबलावर

सिस्टरबाईंनी बत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली आणि तेवढी वर्षं तपासणीच्या टेबलावर अंग चोरणाऱ्या बायकांना दमात घेतलं. "एवढं काय लाजायचं? इथं सगळ्या सारख्याच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याचा त्यांना अभिमानही होता.

निवृत्तीनंतर त्या परदेशात लेकीकडे राहायला आल्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता पुन्हा रक्त दिसायला लागलं. ते कॅन्सरचंही लक्षण असू शकतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी बाई गप्प. दुसरी कुणी असती तर त्यांनी तिला उभी-आडवी झोडली असती. शेवटी लेकीने चादरीवरचा डाग पाहिला, तेव्हा "कालपासूनच आहे" म्हणून बाईंनी वेळ मारून नेली.

लेकीने डॉक्टरची वेळ घेतली. परक्या मुलखात गबाळं दिसायला नको म्हणून बाई साडी सोडून लेकीची पँट घालून निघाल्या, आणि तिथेच फसल्या. साडी असती तर परकर वर सरकवून भागलं असतं. इथे पडद्याआड कमरेखालचं सगळं उतरवायचं आणि तसंच खोलीभर चालत टेबल गाठायचं. ना गाऊन, ना चादर. डॉक्टरीणबाई निवांत हातमोजे चढवत होत्या. लेक दुभाषी म्हणून खिडकीशी पाठमोरी उभी.

बाईंनी स्वेटर दोन्ही हातांनी गुडघ्यांकडे ताणला आणि खेकड्यासारख्या तिरक्या चालत टेबलावर चढल्या. आडव्या होताच गळ्यातला स्कार्फ तोंडावर ओढला. वॉर्डातल्या बायका पदर अगदी अशाच ओढायच्या, आणि चहाच्या वेळी बाई त्यांच्या नकला करायच्या.

डॉक्टर हळूच काहीतरी बोलल्या.

"आई, त्या विचारतायत, नको वाटतंय का? थांबू का?"

 बत्तीस वर्षांत हा प्रश्न बाईंनी एकीलाही विचारला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उघड्या पायांचा तर विसरच पडला.

"थांबा म्हणावं जरा."

डॉक्टर खरोखरच थांबल्या. बाईंच्या पायांवर टॉवेल टाकून स्टूलवर बसून राहिल्या. स्कार्फखाली बाई पोटभर रडल्या. मग त्यांनी तोंडावरचा स्कार्फ काढला.

"सांग त्यांना, कालपासून नाही, दोन महिने झालेत. मी लपवलं. आता नीट तपासा म्हणावं."