लाल पट्टीवरचं पाणी

बाबाराव थूल जन्मभर विहिरी खोदत आले. आर्वीकडचा तो कडा त्यांना पाठ. वर पठार, खाली कापसाचं रान, मधे पायऱ्यांसारखे उतरलेले काळ्या पाषाणाचे थर. दोन थरांमधे हातभर लाल गेरू. पाषाण भेगांतून पाणी झिरपू देतो, गेरू अडवतो. म्हणून त्या पट्टीवर झरा. पायथ्याची चाळीस घरं मे महिना त्याच्यावर काढतात.

तिथं दगड फोडायची गिट्टीखदान येणार म्हणून ग्रामसभेत कागद वाचला गेला. "सदर क्षेत्र बरड असून पाणी नाही."

सुरुंगानं गेरू फुटला की झरा संपला. बाबाराव उठले. "कोन्या गाढवानं लिवलं हे?"

ग्रामसेवकानं चष्मा सारखा करून खालची जुनी नोंद वाचली. "माहिती देणार : बाबाराव थूल, विहीर खोदणारे."

सभा हसली. बाबाराव हसले नाहीत. तीस वर्षांपूर्वी मोजणीवाले आले होते. हा झरा नळात घालून वरच्या गावाला न्यायचा होता. त्याच गावानं बाबारावांच्या आईला विहिरीवर घडा टेकवू दिला नव्हता.

"मी खोटं सांगतलं होतं," ते म्हणाले.

"काकाजी, तवा खोटं का आता खोटं?" सरपंच योगेंद्रनं विचारलं.

"तवा."

"काऊन?"

वरच्या गावची माणसं समोरच बसली होती. "तुमाले देयाचं नव्हतं म्हून."

आता कोणी हसेना. बायकांतून बाबारावांची बायको तानाबाई बोलली, "लिहून घ्या लवकर. आमच्या बुढ्याले उद्या आठवन का नाई, भरोसा नाई."

सोमवारी तालुक्याचे साहेब आले. जीप पायथ्याशी थांबली.

"इथूनच दाखवा."

"इथून दिसत नाई साहेब. चढा लागते."

साहेबांनी आधी कडा पाहिला, मग बूट. बाबाराव चढायला लागले. बहात्तर वर्षांचे गुडघे, दर दहा पावलांवर दम. साहेब शिव्या गिळत मागे. वर पोचल्यावर बाबारावांनी त्यांचा तळहात धरून पट्टीवर टेकवला. हात ओला झाला.

"हिवाळ्यात कुठंही पाझर लागतो," साहेब म्हणाले. "मे महिन्यात पुन्हा पाहू. तोवर मंजुरी थांबवतो."

बाबाराव दगडावर बसले. खाली जीप बोटाएवढी दिसत होती.

"म्हणजे मले अजून एकडाव चढा लागन," ते म्हणाले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.