घोडीची पणजी

परवा देऊळगाव राजात वरातीतली घोडी अगदी शेजारून गेली. तिच्या घामाच्या वासानं मला थेट जानेफळच्या आमच्या अंगणात नेलं.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, तेव्हा अरबी घोडी आणली होती. तिची मान थोपटत ते पाहुण्यांना सांगत होते, "इची माय गुलनार, आजी मेहर, पणजी शबनम. अरबी घोड्याचं कूळ मायकडूनच धरतेत, भाऊ!"

मी मध्येच विचारलं, "आबा, माह्या पणजीचं नाव काय?"

"तुले काऊन पाह्यजे वं? बायांची नावं कोन ध्यानात ठेवते?"

सगळे हसले. मला घोडीचा असा हेवा वाटला की तिच्याकडे पाहवेना.

आता आबा नाहीत, सांगणारंही कोणी उरलं नाही. शबनम मात्र मला अजून पाठ आहे.