ओल्या रुमालातली जास्वंद

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या बोरिवलीच्या महिला मंडळाची सहल गोराईला गेली होती. होडीतून उतरून गावात पायी भटकायचं आणि मग एका बागेत झावळ्यांच्या टोपल्या विणायला शिकायचं, असा बेत होता. कुणाच्या तरी ओळखीने एक बाई आल्या होत्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, पण पर्समधली कात्री आणि ओला रुमाल अजून आठवतात.

आम्ही झाडं बघत होतो, बाई कुंपणं बघत होत्या. प्रत्येक कुंपणाशी त्यांच्या चपलेचा पट्टा सुटायचा. त्या वाकायच्या आणि उठायच्या तेव्हा रुमालात एक फांदी वाढलेली असायची.

"चोरलेलं रोपच जगतं गं. विकतचं मरतं," त्यांनी मला शिकवलं.

बागेच्या मालकीण म्हणजे लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या आंटी. त्यांनी बाईंना जास्वंदीशी घुटमळताना पाहिलं. "घे गो बाय, हवी तेवढी ने."

बाईंचा चेहराच पडला. "नको हो. दिलेली जगत नाही."

आंटी खो खो हसल्या आणि चक्क पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मागे कात्री वाजली.

टोपली काही बाईंनी विणली नाही. "नाहीतरी वाकडीच झालीय," म्हणत माझीच घेतली. परतताना होडीत फांद्यांनी भरलेली ती टोपली त्या मांडीवर घट्ट धरून बसल्या. मी म्हटलं, "खाली ठेवा की, पाय अवघडतील."

"छे गं! हल्ली लोकांचा काय भरवसा? दुसऱ्याची वस्तू उचलायला लाजच वाटत नाही."