राव आणि रावतां

आमच्या घरी बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. बोलायची कोकणी, तीही डिचोलीकडची, मालवणीला खेटून असलेली. लिहायची मराठी. आरत्या मराठी, वर्तमानपत्र मराठी, शाळा मराठी, आणि दारावर पाव विकायला येणाऱ्या पोदेराशी पावाच्या आकारावरून हुज्जत मात्र कोकणीत. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. कोणती भाषा खरी यावरून मोठी माणसं आमच्या ओसरीवर तावातावाने भांडायची, आणि गंमत म्हणजे मराठीची बाजू घेणारेही भांडायचे कोकणीतच. आवाज फार चढले की आई आतून चहाचे पेले घेऊन यायची आणि म्हणायची, "रावात मरे मातशे, च्या घेयात." मग भाषा जरा वेळ बाजूला पडायची.

'राव' हा आईचा पेटंट शब्द. चुलीवर काही असलं की राव, पोदेर सायकलवर टांग टाकून निघाला की जनेलातून, म्हणजे खिडकीतून, राव, मी शाळेला निघाले की वेणी पुन्हा घालायला राव. या शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ. राव म्हणजे थांब, आणि राव म्हणजे राहासुद्धा. "खंय रावता?" असं कोणी विचारलं तर तो पत्ता विचारत असतो. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत हे मला कळलं ते चौथीत, आणि चांगलंच कळलं. निबंधात मी लिहिलं होतं, 'आम्ही मुळगावात थांबतो. माझी मावशी केरीला थांबते.' आमच्या बाई घाटावरच्या. त्यांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि विचारलं, "मुळगावात थांबता होय? मग पुढची बस कितीची गं?" वर्ग खिदळला. मी रडत घरी आले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि पदराने माझं नाक पुसत म्हणाली, "तुवें बरोबर बरयलां. बाईक सांग, बस चुकली आमची."

मी बरोबरच लिहिलंय, बस चुकली आमची, असं बाईंना सांगायची माझी काही छाती झाली नाही. पण घरात मात्र ते वाक्य कायमचं रुजलं. कोणी विचारलं की बाबा, तुम्ही जन्मभर याच गावात कसे राहिलात, तर ते म्हणायचे, बस चुकली आमची.

पुढे मी इंजिनियर झाले आणि मुंबईला पेटंट कचेरीत परीक्षक म्हणून लागले. गावात याचा अर्थ समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. शेजारच्या काकी अजूनही मला खोकल्यावरचं औषध विचारतात, कारण त्यांच्या लेखी पेटंट म्हणजे पेटंट औषध. माझं काम साधं आहे. लोक 'आम्ही हे नवीन शोधलं' असा दावा घेऊन येतात आणि ते खरंच नवीन आहे का हे मी शोधते. बहुतेक वेळा कोणीतरी कुठेतरी तेच आधी करून ठेवलेलं असतं. दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतायचा मला सरकारी पगार मिळतो असं माझा नवरा म्हणतो.

माझ्याकडे येतात ते मोबाइलच्या जाळ्यांचे अर्ज. एकदा आईने विचारलं होतं की तू दिवसभर वाचतेस तरी काय. मी म्हटलं, सुर्ल्याच्या खाणीवर बाबा काय करायचे, तेच. अरुंद रस्त्यावर एका बाजूने भरलेले ट्रक, दुसऱ्या बाजूने रिकामे, आणि मध्ये बाबा तांबडा-हिरवा बावटा घेऊन उभे. मोबाइलच्या टॉवरपाशीही असाच बावटा असतो, फक्त तिथे आवाज आणि चित्रं यांची रांग लागते. फोटो, सिनेमा, पत्रं यांना जरा थांबवलं तरी चालतं. माणसाचं बोलणं थांबवून चालत नाही. उशिरा आलेला आवाज कोणाच्या उपयोगाचा नसतो, म्हणून उशीर झाला तर तो टाकूनच देतात. कोणाला आधी सोडायचं याच्या नवनव्या युक्त्या लोक काढतात आणि मी त्या तपासते.

आईने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "आनी मागीर फाटीं कोण रावता?"

मग मागे कोण राहतं. का मग मागे कोण थांबतं. तेव्हा मी हसले आणि म्हटलं, सिनेमे बघणारे.

बाबा गेल्यावर आई मुळगावच्या घरी एकटीच राहिली. मग एका सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला. काकींनी वेळेत दवाखान्यात पोचवलं म्हणून हातपाय वाचले, पण बोलणं मंदावलं. दोन शब्दांच्या मध्ये, कधी एकाच शब्दाच्या मध्ये, मोठी पोकळी पडायची. डॉक्टर म्हणाले, शब्द सगळे आत आहेत, बाहेर यायला वेळ लागतो एवढंच. तुम्ही मध्ये बोलू नका. हे ऐकताना आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत सगळे मध्ये बोलायला लागले होते.

रजा संपली, मी मुंबईला परतले. तेव्हापासून रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलणं. आईचा चेहरा पडद्यावर, बाजूला काकींचा कान. आई एक शब्द बोलायची आणि थांबायची. त्या थांबण्यात माझा जीव टांगणीला लागायचा. लाइन गेली का? तिला काही झालं का? मी घाईने "आई, ऐकू येतंय ना?" म्हणायचे, आणि नेमका तेव्हाच तिचा पुढचा शब्द येऊन माझ्या आवाजाखाली चिरडला जायचा. मग ती दमून मान हलवायची आणि फोन काकींच्या हातात द्यायची.

मला तिला मुंबईला आणायचं होतं. आतली खोली मोकळी केली होती, नवऱ्याने न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. चवथीनंतर, म्हणजे गणपती झाले की, मुळगावचं घर बंद करायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त तिचा होकार हवा होता. तिच्या तोंडून हवा होता, कारण या बाईने जन्मात कधी दुसऱ्याने ठरवलेलं निमूट ऐकलेलं नाही, आणि शब्द अडले म्हणून तिची मर्जीही संपली असं धरून चालायला माझं मन घेईना.

एका संध्याकाळी विचारलं. "आई, येशील ना माझ्याकडे राहायला?"

तिने तोंड पडद्याजवळ आणलं. मग म्हणाली, "राव."

आणि चित्र गोठलं. पुन्हा लाइन लागली तेव्हा काकी पडद्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "येतली गो ती. चवथ जावंदी म्हणटा." चवथ होऊ दे म्हणते, मग येईल. मलाही ते पटलं. राव म्हणजे थांब, घाई करू नको. आमच्या कचेरीतली एक मैत्रीण शेजारी होती, तिने हसून विचारलं, "तुझी आई तुला राव म्हणते? काय राव, तसं?" त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की तिला आमची सगळी भाषा समजावून सांगितली.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक अर्ज आला. परदेशी कंपनीचा, जाडजूड. थांबवून चालत नाही अशा आवाजासाठी जागा राखून ठेवायची युक्ती. माणूस बोलत असेपर्यंत टॉवरने त्याच्यासाठी ठरावीक जागा मोकळी ठेवायची. तो गप्प झाला की ती जागा काढून घेऊन दुसऱ्याला द्यायची, उगाच रिकामी का ठेवा. तो पुन्हा बोलायला लागला तर त्याने नव्याने जागा मागायची. दाव्यात पुढे लिहिलं होतं की त्या मागण्यात शब्दाची सुरुवात थोडी कापली जाते, पण सर्वसाधारण संभाषणात ते जाणवत नाही.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. असले अर्ज मी कित्येक वाचले होते, आणि हे वाक्य थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांत होतं. पूर्वी कधी ते मला बोचलं नव्हतं. सर्वसाधारण संभाषण म्हणजे माझं आणि मैत्रिणीचं, धबधब्यासारखं. आईचं संभाषण म्हणजे एक शब्द, मग पोकळी, मग एक शब्द. या युक्तीच्या हिशोबाने तिचं बोलणं प्रत्येक शब्दानंतर संपत होतं, आणि प्रत्येक शब्दाला तिने नव्याने रांगेत उभं राहायचं. आमच्या फोनवर नेमकं हेच होत होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुळगावात टॉवरची रड निराळीच आहे, पाऊस जोराचा आला तरी तो रुसतो. पण खुर्चीत बसल्या बसल्या मला आईचा तो शब्द पुन्हा ऐकू आला. राव. तो तुटला होता का? त्याला पुढे काही होतं का?

अहवालात मी नेहमीचे आक्षेप घेतले आणि एक जास्तीचा घातला. अर्जदार 'शांतता' म्हणतो ती किती वेळाची, हे दाव्यात स्पष्ट नाही. बोलणारा गप्प आहे म्हणजे त्याचं बोलणं संपलं, हे कशावरून ठरवायचं? लिहून झाल्यावर मला जरा धाकधूक वाटली, की हे परीक्षक लिहितेय का लेक. साहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, म्हणाले, आक्षेप रास्त आहे, राहू दे. नंतर तो अर्ज पडला, पण माझ्या या आक्षेपाने नव्हे. तशीच युक्ती कोणीतरी आधीच करून ठेवलेली सापडली. आमच्या धंद्यात हे असंच असतं.

चवथीला मी गावी गेले. गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटोळी बांधून झाली, गणपती बसला, पाहुण्यांची वर्दळ ओसरली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई जनेलापाशी खुर्चीत बसली होती, काकी खाली बसून नारळ खोवत होत्या. मी आईसमोर बसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. माझ्याकडे येशील राहायला? आणि माझे ओठ घट्ट मिटून घेतले.

आई म्हणाली, "राव."

बघ, मी म्हटलं नव्हतं, अशा सुरात काकी लगेच म्हणाल्या, "पळय, हांवें सांगलें न्ही, रावपाक..." मी त्यांचा हात धरला. त्या गप्प झाल्या. खोवण्याचा आवाजही थांबला. बाहेर पोदेराचा भोंगा वाजला, आमच्या दारापाशी आला, कोणी उठलं नाही तसा पुढे गेला. आईचे ओठ हलत होते. तिच्या गळ्याची शीर ताणली होती. मला इतकं वाटत होतं की तिच्यासाठी तो शब्द मी म्हणून टाकावा, पण कोणता ते मला माहीत नव्हतं.

"...तां," आई म्हणाली.

रावतां. राहते. मी राहते. तिने डावा हात उचलून जमिनीकडे बोट दाखवलं, इथे. मग पुन्हा एकदा जुळवून, एका दमात नाही पण पुरं वाक्य म्हणाली, "हांव... हांगाच... रावतां." आणि मला रडू फुटलेलं पाहून तिने माझं नाक पदराने पुसलं. चौथीतल्यासारखंच.

त्या एका शब्दाला पोचायला आमच्या दोघींमध्ये एवढे दिवस लागले. मला वाईट वाटलं, मोकळी केलेली खोली आठवली, न्हाणीघरातला दांडा आठवला. आणि त्याहून मोठा आनंद झाला, की माझी आई आत शाबूत आहे, हट्टी आहे, आणि तिने मला साफ नाही म्हटलंय. मी काकींशी बोलले. त्यांच्या सुनेने दिवसभर येऊन राहायचं ठरलं, आणि मी दर महिन्याला येणार असं ठरलं. दांडा मी मुळगावलाही बसवून घेतला.

निघायच्या दिवशी थिवीं स्टेशनला न्यायला टॅक्सी दारात आली. मी आईच्या पाया पडले, बॅग उचलली, ओसरीच्या पायऱ्या उतरले.

"राव," मागून आई म्हणाली.

मी थांबले. आता मला सवय झाली होती. वळून, बॅग हातात तशीच धरून, मी पुढच्या अक्षराची वाट बघत उभी राहिले. ती काहीतरी द्यायची विसरली असेल, नाहीतर राव नंतर तां येईल, मी इथेच आहे, तू सुखाने जा. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "बाय, गाडी चुकतली!"

आई खांबाला धरून उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. गळ्याची शीर ताणलेली नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की पुढे काही यायचं नाही. या खेपेला तिने शब्द पुरा म्हटला होता.

मी बॅग पायरीवर ठेवली आणि टॅक्सीवाल्याला परत पाठवत म्हटलं, "तूं वच रे बाबा. चुकली आमची."