होणाऱ्या विहीणबाईंबरोबर गाण्याला

निखिल राहतो त्या नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि मांडीवरच्या पिशवीत नारळ होता. रुळांच्या कडेचा बर्फ मळून काळा पडला होता. शेजारी तोच, माझा मुलगा, समोर त्याची कामिला. लग्न ठरलंय असं तो दिवाळीपासून सांगत होता, तारीख मात्र सांगत नव्हता. ती काढून घ्यायलाच मी चिपळूणहून आले होते आणि विषय निघाला की निखिलला ऑफिसची मीटिंग आठवत होती. माझा संशय कामिलावर होता. मुलगी शिकागोतच जन्मलेली, पण मला ‘आई’ म्हणायची, पोळ्या लाटायला शिकवा म्हणायची. इतकं गोड वागणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं, असं माझं मत आहे.

आणि आता हे गाणं. कामिलाची आई मार्ता मूळची कोलंबियाची, बोलायची स्पॅनिशच. तिची नि माझी पहिली भेट घरी चहावर न ठेवता हजारो लोकांच्या गलबल्यात ठेवली होती.

“आई, तिला हे दोघं सिंगर्स जाम आवडतात,” निखिल म्हणाला. “तिकिटं मिळाली, म्हटलं सगळेच जाऊ.”

मला वेगळंच वाटत होतं. दोन आयांना एकमेकींशी बोलता येणार नाही अशी जागा मुद्दाम शोधली होती.

त्याने फोनवर पोस्टर दाखवलं. दोन पुरुष, दोघंही स्पॅनिशमध्ये गाणारे, दोघांची नावं एकाच उंचीत, एकाच रंगात. मी विचारलं, यात मोठा कोण?

“कोणीच नाही. को-हेडलाइनर्स आहेत. इक्वल.”

“मग शेवटी कोण गाणार?”

“आज हा. नेक्स्ट सिटीत तो. आलटून पालटून.”

ऐकायला ठीक आहे. पण आमच्या गावच्या मंडळात मी बरीच वर्षं कार्यक्रम ठरवले आहेत. शेवटी गातो तो मोठा, हे कोणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. आलटून पालटून म्हणजे आत कुठेतरी भांडण मिटवलेलं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

सभागृहाबाहेर वारा असा, की डोळ्यांतून पाणी काढत होता. एक बाई ढकलगाडीवर पातेलं ठेवून तमाले विकत होती (मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या सालीत उकडतात). आपल्या पातोळ्यांची दूरची बहीण, फक्त आत गूळखोबऱ्याऐवजी मिरची. मी आधी सारण कशाचं ते विचारून घेतलं, मग खाल्लं. चांगलं होतं.

तिथेच मार्ता आली. बुटकी, लाल कोट, त्याच रंगाचे ओठ. तिने मला मिठी मारली, गालाला गाल लावला आणि मागे सरकून डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मीही न्याहाळलं. फिट्टंफाट.

दाराशी वेगळीच फजिती. इथे आत नेण्याची पिशवी आरपार दिसणारी लागते, हे निखिल सांगायला विसरला होता. रखवालदाराने माझ्या पिशवीतून नारळ काढला.

“मॅम, व्हॉट इज धिस?”

“कोकोनट.”

“व्हाय?”

आता याला काय सांगायचं? विहिणीला पहिल्यांदा भेटताना रिकाम्या हाताने जात नाहीत, हे निखिल इंग्रजीत समजावत होता, तोवर त्या गृहस्थाने नारळ कानाशी धरून हलवला. हा कोणाच्या डोक्यात घालता येतो, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं ते. शेवटी कामिला धावत गेली आणि नारळ तमालेवालीकडे ठेवून आली. तो परत मिळणार नाही हे मला दिसत होतं, आणि तो मिळाला नाहीच.

आमच्या जागा इतक्या वर, की गवई चिमटीत मावेल एवढा. त्याचा चेहरा बघायचा तर पडद्यावर. पहिला गायक रडवणारा होता. आवाज खरा आहे की मागून लावलेला, म्हणून मी त्याचे ओठ बघत बसले. मार्ता मात्र प्रत्येक ओळ त्याच्याबरोबर म्हणत होती. मध्येच वाकून ती कामिलाशी बरंच काही बोलली. कामिला माझ्याकडे वळून म्हणाली, “शी सेज, नाइस साडी.”

एवढ्या बोलण्याचं एवढंच? मग मीही निखिलला भलीमोठी वाक्यं सांगून पाहिली. तो तिकडे दोन शब्द टाकायचा आणि मार्ता हसून मान हलवायची. दोघं मिळून आम्हाला गाळून गाळून देत होते.

पहिला गवई गेला, दिवे लागले, मंचावर सामानाची हलवाहलव सुरू झाली. निखिल आणि कामिला खायला आणायला गेले. मार्ता लगेच माझ्याकडे सरकली. तिने फोनवर काहीतरी लिहिलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. भाषांतर करणाऱ्या यंत्राचं मराठी, स्वच्छ देवनागरीत:

‘माफ करा. तुमचा मुलगा माझ्या मुलीशी कागदपत्रांसाठी लग्न करत आहे का?’

माझे कान तापले. कागदपत्रं म्हणजे ग्रीन कार्ड, इथे कायमचं राहायचा परवाना. निखिल ऑफिसच्या व्हिसावर आहे. इथल्या मुलीशी लग्न केलं की ते कार्ड लवकर मिळतं. मी इतके दिवस हिच्या मुलीवर नजर ठेवून होते आणि ही बाई माझ्या मुलाला भामटा समजत होती! फाडकन काहीतरी लिहावं म्हणून मी फोन हिसकावलाच जवळजवळ. पण ‘मुळीच नाही’ हे दोन शब्द काही बोटांतून उतरेनात. कॉलेज संपल्या संपल्या इथे आलेला मुलगा. त्याच्या मनात काय आहे ते मला तरी कुठे ठाऊक होतं? फार वाईट वाटलं मला तेव्हा.

मी लिहिलं, ‘माहीत नाही. विचारते. पण तुमची मुलगी तारीख का टाळते?’

मार्ताने वाचलं. तिच्या भुवया वर गेल्या. उत्तर आलं, ‘ती टाळत नाही. तो टाळतो.’

मी ते दोनदा वाचलं. कार्डासाठी लग्न करणारा लग्न टाळेल कशाला?

तेवढ्यात ती दोघं चीज ओतलेल्या चिप्सचे द्रोण घेऊन आली. मी निखिलला बसूही दिलं नाही.

“तू टाळतोयस?”

त्याने आधी माझ्याकडे, मग मार्ताच्या फोनकडे पाहिलं. “आई, इथे नको ना यार.”

“इथेच. तूच आणलंस इथे.”

“माझं ग्रीन कार्ड ऑफिसकडून फाइल केलंय,” तो खाली बघत म्हणाला. “ते आलं की मग लग्न. आधी केलं तर सगळे म्हणणार, कार्डासाठी केलं. तिचे मामा म्हणणार, तुझ्या मैत्रिणी म्हणणार. मला ते ऐकायचं नाहीये.”

“आणि ते येणार कधी?”

“इंडियाची लाइन खूप मोठी आहे.”

“म्हणजे किती?”

कामिलाच बोलली, इंग्रजीत, सावकाश, मला कळावं म्हणून. त्या रांगेत माणसं म्हातारी होतात. मध्येच नोकरी गेली तर त्याला देश सोडावा लागेल. तिने त्याला आत्ताच लग्न करू म्हणून दोनदा विचारलं आणि दोन्हीदा तो नाही म्हणाला. मग हेच सगळं तिने आईला सांगितलं, आणि या वेळी काही गाळलं नाही, कारण ते खूप वेळ चाललं होतं.

लोक काय म्हणतील म्हणून हा मुलगा हातचं सुख रांगेत उभं करून बसला होता, आणि ते म्हणणारे लोक कोण, तर आम्ही दोघी. तो एवढा मानी आहे हे मला माहीत नव्हतं. अभिमान वाटला आणि दोन रट्टे द्यावेसेही वाटले.

दिवे गेले. दुसरा गवई नाचतच आला, अख्खं सभागृह उभं राहिलं. मार्ता मात्र बसून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने फोन आधी निखिलला दाखवला, मग मला. ‘मूर्ख. एप्रिलमध्ये माझ्या बहिणीचे अंगण रिकामे आहे.’

मी फोन घेतला आणि लिहिलं, ‘एप्रिल चालेल. जेवण अर्धं आमचं.’

त्यावर तिने बराच विचार केला. मग मान हलवली, अर्धीच, असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये त्या अंगणात लग्न झालं. शेवटचं भाषण कोणी करायचं यावरून तिचं नि माझं वाजलं, पण ते इथे सांगत नाही.

चिपळूणला परतल्यावर पेढे वाटायला शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी पेढा हातात घेतला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मुलगी तिकडचीच ना? म्हणजे निखिलच्या कार्डाचं काम झालं म्हणायचं.”

“अजून नाही,” मी म्हटलं. “लग्न तेवढं झालं.”